पाय ओढतो, पण नेमका कुठे अडतो? पक्षाघातानंतरची चाल ओळखायची आणि घडवायची रीत

पक्षाघातातून उठलेल्या माणसाच्या घरी महिना-दीड महिन्याने एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता चालतात, पण पाय ओढतात." मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं रोज जास्त चालवा, कुणी मालिशवाल्याचा पत्ता देतं, कुणी शेजारच्या काकांना लागू पडलेला पट्टा आणून देतं. यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट शोधायला हवी. पाय ओढला जातो तो पावलाच्या कोणत्या क्षणी आणि कशामुळे? वरून सारखी दिसणारी ओढ चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी येते. एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि कधी कधी तर बाधतो. पुढचं सगळं घरच्या माणसांसाठी लिहिलं आहे. ते तुमच्या फिजिओला दाखवा, त्यांच्या तपासणीशी ताडून बघा आणि मग हात घाला.

एक बाजू जाते म्हणजे काय होतं

हालचालीचा हुकूम घेऊन मेंदूतून निघणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून उजव्या मेंदूला इजा झाली की शरीराची डावी बाजू जाते. मेंदूच्या मधल्या धमनीत अडथळा आला तर चेहरा आणि हात जास्त जातो, पाय थोडा वाचतो. पुढच्या धमनीत आला तर पाय जास्त जातो. मधल्या धमनीचे झटके अधिक आढळतात, म्हणून बऱ्याच घरांत पेशंट काठी घेऊन चालायला लागतो आणि हात मात्र मांडीवर तसाच पडून राहतो. लहान मेंदूच्या झटक्यात ताकद शाबूत असते, पण माणूस पाय फाकवून झोकांड्या खात चालतो. त्या चालीचे व्यायाम निराळे असतात. इथे आपण एक बाजू अधू झालेल्यांबद्दल बोलतो आहोत.

सुरुवातीला हात-पाय लुळे असतात, उचलून सोडले की धपकन पडतात. पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांच्या अंगात कडकपणा येऊ लागतो. घरच्यांना वाटतं ताकद येते आहे. थोडी येतही असते, पण कडकपणा म्हणजे ताकद नव्हे. मेंदू स्नायूंना हलवतो तसा त्यांना आवरूनही धरतो. तो लगाम सुटला की स्नायू जरा ताणला तरी उलटा आखडतो, आणि जितका झटक्यात ताणाल तितका जास्त आखडतो. अधू हात किंवा पाय सरळ करायचा तो सावकाश, ५ पर्यंत आकडे मोजत, याचं कारण हेच.

दुसरी गंमत अशी, की परतणारी हालचाल सुटी येत नाही, गठ्ठ्याने येते. हात उचलायला जावं तर खांदा वर चढतो, कोपर वाकतं, मनगट मुडपतं, मूठ वळते. पायाचं उलट होतं. खुबा आणि गुडघा ताठ होतात, टाच वर खेचली जाते आणि पाऊल आतल्या बाजूला वळतं. सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी लुळेपणापासून सुट्या हालचालीपर्यंतच्या या प्रवासाचे टप्पे मांडले, आणि फिजिओच्या कागदावर 'ब्रुन्स्ट्रॉम स्टेज ३' असं जे दिसतं ते हेच. पाय खांबासारखा ताठ होतो त्याचा एक फायदा असतो: त्यावर उभं राहता येतं. पण पाऊल पुढे टाकायचं तर पाय आखूड व्हावा लागतो, आणि आखूड व्हायलाच तो तयार नसतो. चालीची सगळी कुस्ती इथेच चालते.

आधी बघा, मग हात लावा

धडधाकट माणसाच्या चालीत एक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. हवेतल्या पायाचा गुडघा सुमारे ६० अंश वाकतो, आणि तरीही अंगठ्याखालून जमीन एक-दोन सेंटिमीटरच दूर असते. इतक्या थोड्या अंतरावर सगळा खेळ आहे. गुडघा थोडा कमी वाकला किंवा चवडा थोडा खाली राहिला की पाऊल घासलंच.

मोबाइलवर चित्रण करा. पायजमा गुडघ्याच्या वर दुमडा किंवा हाफ पँट घाला, कारण झाकलेल्या गुडघ्याचं काहीच कळत नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर धरून एकदा बाजूने आणि एकदा मागून, प्रत्येकी ८-१० पावलं टिपा. मग तेच हळू गतीने बघा, आणि दर वेळी एकाच सांध्याकडे नजर ठेवा: आधी घोटा, मग गुडघा, मग खुबा.

याहून सोपा पुरावा दाराबाहेर पडलेला असतो. अधू पायाची चप्पल उलटी करा. तळ पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यात, करंगळीच्या बाजूला, घासलेला असेल तर पाऊल आत वळून चवडा आधी टेकतो आहे. फक्त अंगठ्याचं टोक झिजलं असेल तर चवडा लोंबतो आहे. दुसऱ्या पायाच्या चपलेची टाच नेहमीसारखी झिजलेली आणि अधू पायाची टाच जवळजवळ कोरी, असंही दिसतं, म्हणजे ती टाच जमिनीला लागतच नाही. आणखी खात्री हवी तर पेशंटला खुर्चीत बसवून ओल्या फडक्याने तळवा पुसा, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि धरून उभं करा. कागदावर नुसती बाहेरची कड उमटते की टाचेचाही गोल उमटतो, ते बघा.

मग वेग. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १४ मीटरची सरळ रेघ आखा. पहिले २ आणि शेवटचे २ मीटर सोडून मधल्या १० मीटरला किती सेकंद लागतात ते मोजा. पेशंटने नेहमीच्या चालीने, आपली काठी आणि स्प्लिंट (पावलाला आधार देणारं प्लास्टिकचं साधन) घेऊन चालायचं. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या आत असेल, तर चालणं सध्या घरापुरतं धरा. १२.५ ते २५ सेकंद लागले तर सोबत घेऊन आसपास. १२.५ च्या आत आलं, म्हणजे ०.८ मीटरच्या वर गेलं, की माणूस बाहेर बऱ्यापैकी मोकळा वावरू शकतो. आकडा तारखेसह वहीत लिहा आणि दर १५ दिवसांनी पुन्हा मोजा. "बरं वाटतंय" यापेक्षा हा आकडा डॉक्टरांना जास्त सांगून जातो.

कुठे अडतं ते पाहून उपाय

चवडा लोंबत असेल तर पाऊल वर उचलणारे नडगीपुढचे स्नायू कमजोर आहेत. खुर्चीत बसवा, टाच जमिनीला टेकलेली ठेवून चवडा उचलायला सांगा. पाऊल आत वळत असेल तर करंगळीच्या बाजूला बोटाने टिचकी मारत "ही बाजू वर" म्हणा. १०-१० च्या तीन फेऱ्या पुरेत. अजिबात उचलत नसेल तर फिजिओ स्नायूला विजेचे हलके झटके देतात. तेव्हा पेशंटने स्वतःही त्याच क्षणी चवडा उचलायचा जोर करायचा असतो. यंत्र लावून टीव्ही बघत बसल्याने पाऊल हलतं, पण शिकत नाही. पेसमेकर असेल तर यंत्र लावण्याआधी ते आवर्जून सांगा.

गुडघा वाकत नसेल तर पाय लाकडासारखा पुढे येतो. मग माणूस दोन युक्त्या करतो. एक तर कंबर वर उचलून पाय पुढे घेतो, नाही तर पाय बाहेरून विळ्यासारखा फिरवून आणतो. मागून घरचे ओरडत असतात, "पाय उचला, पाय उचला!" त्याने कंबर आणखी वर चढते आणि माणूस मागे कलतो. त्याऐवजी "गुडघा पुढे सोडा" म्हणा. सराव असा: ओट्याला धरून उभं राहायचं, अधू पाय एक पाऊल मागे. वजन पुढच्या धड पायावर नेत अधू पायाची टाच उचलायची आणि गुडघा सैल सोडून पुढे पडू द्यायचा. पाऊल टाकायचं नाही, पुन्हा टाच टेकायची. हे पंधरा-वीस वेळा सुटं जमलं की मगच पाऊल पुढे टाकायचं. या पायाला वाळूच्या वजनपिशव्या बांधून गुडघा ताठ करण्याचे व्यायाम घरी आपल्या मनाने देऊ नका. मांडीच्या पुढचा स्नायू आधीच सुटत नाही, ही खरी अडचण आहे.

गुडघा मागे पडत असेल, म्हणजे वजन टाकताच ठक्कन उलट्या बाजूला वाकल्यासारखा लॉक होत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. अशा प्रत्येक पावलाला गुडघ्यामागचे बंध ताणतात आणि काही महिन्यांनी गुडघा दुखायला लागतो. कारण तीनपैकी एक असतं: पोटरी आखडलेली, मांडी कमजोर, किंवा सांधा कुठे आहे याची जाणीवच नाही. पोटरी अशी तपासा: पेशंटला झोपवून गुडघा सरळ ठेवा आणि तळवा हळूहळू नडगीकडे दाबा. पाऊल काटकोनापर्यंतही येत नसेल तर पोटरी आखूड झाली आहे. पावलाला जागा मिळत नाही म्हणून गुडघा मागे जातो. तात्पुरता उपाय म्हणून बुटात सुमारे १ सेंटिमीटरची टाच घालतात. डॉक्टर पोटरीत बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणारं, इंजेक्शनही सुचवू शकतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. त्या तीन महिन्यांत ताण आणि चालण्याचा सराव जोरात झाला तरच पैसे सत्कारणी लागतात.

अधू पायावर वजनच टाकत नसेल, हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं. अधू पाय टेकताच धड पाय घाईघाईने पुढे येतो, त्यामुळे धड पायाचं पाऊल आखूड पडतं आणि चाल लंगडी होते. घरच्यांचं लक्ष ओढल्या जाणाऱ्या पायाकडे असतं, आणि दोष असतो तो पाय जमिनीवर असतानाचा. ज्या पायावर भरवसा नाही तो पुढे टाकायला कुणाला धीर होईल? बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात इथूनच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाटावरचा सराव

यासाठी घरातला जेवणाचा पाट पुरतो, उंची २-३ इंच. पाटाखाली जुनं रबरी पायपुसणं ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. पेशंटने ओट्यासमोर उभं राहायचं, धड हात ओट्यावर. मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची, म्हणजे पाय थकला तर बसता येईल. मदतनीस अधू बाजूला, जरा मागे, एक हात कमरपट्ट्यावर.

आता धड पाय पाटावर ठेवायचा. एवढं केलं की वजन आपोआप अधू पायावर येतं, त्याला पळवाट उरत नाही. अधू गुडघा किंचित वाकलेला हवा, १०-१५ अंश. पूर्ण ताठ करून लॉक केला तर हाडांवर उभं राहणं होतं, स्नायू झोपूनच राहतात. मदतनिसाने गुडघ्याकडे बघत राहायचं. मागे जायला लागला तर "जरा सैल" म्हणायचं, मोडायला लागला तर पुढून तळहाताने अडवायचं. ५ सेकंद थांबून धड पाय खाली. असं १० वेळा, मध्ये दोन मिनिटं बसून, तीन फेऱ्या.

आठवड्याभरात हे सोपं झालं की धड पाय पाटावर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, पाटावर बिस्किट ठेवलं आहे असं समजून. मग ओट्यावरचा हात हलका करायचा, पुढे फक्त बोटं टेकायची. त्यानंतर धड पाय पाटावरून पुढे आणि पुन्हा मागे न्यायचा. इथवर आलेल्या माणसाची चाल, कुणी "नीट चाला" न सांगताही, बदललेली दिसते.

बसून उठण्याचा सराव याच कामाचा आहे. खुर्ची १७-१८ इंच उंच, हातवाली. सोफा नको, तो माणसाला गिळतो. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची आणि अधू पाऊल धड पावलाच्या थोडं मागे ठेवायचं, म्हणजे जोर त्यावर येतो. पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठायचं. बहुतेक जण पुरेसं झुकतच नाहीत आणि मागे खुर्चीत आपटतात. बसतानाही सावकाश, ४ आकडे मोजत. रोज एकूण ३०-४० वेळा, सकाळ-संध्याकाळ वाटून.

ओलांडायच्या सरावासाठी जमिनीवर खडूची रेघ किंवा चिकटवलेली कागदाची पट्टी वापरा. काही घरांत लाटणं आडवं ठेवतात. त्यावर पाय पडला तर ते गरगर फिरतं आणि माणूस कोसळतो.

काठी आणि स्प्लिंट

काठी धड हातात. पायाच्या बाजूलाच काठी हवी असं वाटून अनेक जण नको त्या हातात देतात. उंची मोजायची ती बूट घालून, हात सरळ सोडून: काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर २०-३० अंश वाकतं. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटक्या काठीने माणूस वाकतो. क्रम असा: काठी, अधू पाय, धड पाय. तोल कमी असेल तर चार पायांची काठी घ्या. तिची जास्त पसरलेली बाजू बाहेर ठेवायची, नाहीतर स्वतःचाच पाय तिच्यात अडकतो. खालचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला. पावसाळ्यात जुन्या इमारतींच्या ओल्या शहाबादी फरशीवर झिजलेलं रबर साबणासारखं घसरतं.

चवडा लोंबत असेल तर पोटरीमागून तळव्याखाली जाणारं प्लास्टिकचं स्प्लिंट देतात, त्याला ए.एफ.ओ. म्हणतात. झोपताना पाऊल धरून ठेवणारं आणि चालताना वापरायचं, ही दोन वेगळी. दुकानातून उचलून आणण्याआधी कशासाठी हवंय ते विचारा. खाली लांब सुती मोजा, बूट अर्धा ते एक नंबर मोठा, टाच आत पक्की बसलेली. पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर कातडी बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे स्प्लिंट टोचतंय, बनवणाऱ्याकडे परत न्या. अधू पायाला दुखणंच कळत नसेल तर ही नजर रोज हवी. आपल्या घरांत एक अडचण येते: दाराशी बूट निघतात आणि नुसत्या स्प्लिंटवर फरशीवर चालणं सुरू होतं. प्लास्टिक सटकतं. घरात वापरायला बुटांचा एक वेगळा, स्वच्छ जोड ठेवा. स्लीपर अधू पायातून निसटते, म्हणून ती दोन्ही पायांना नकोच.

स्प्लिंटची सवय लागून पाय कायमचा आळशी होईल, ही भीती घरोघरी असते. पाऊल घासत, कंबर उचलत चालण्याची सवय लागणं त्याहून वाईट. स्प्लिंट घालून चाला, आणि काढून बसल्या जागी चवडा उचलायचा सराव करा.

हात

चालताना कोपर वाकून हात छातीशी चढत असेल तर तो एक प्रकारचा मीटर समजा. पायाला जितके कष्ट, तितका हात वर. हात खाली खेचून काही होत नाही. वेग कमी करा, आधार वाढवा, हात आपोआप उतरतो.

खांदा मात्र जिवापाड जपायचा. लुळ्या अवस्थेत खांद्याचा गोळा नुसत्या हाताच्या वजनाने खोबणीतून खाली उतरतो. पुढच्या बाजूने बोटभर खळगा लागतो. अशा वेळी पेशंटला उठवताना हात धरून ओढणं किंवा काखेत हात घालून उचलणं म्हणजे महिनोन्महिने दुखणारा खांदा विकत घेणं. उठवायचं ते कमरपट्ट्याने. दारावर दोरी-कप्पी लावून धड हाताने अधू हात वर ओढायचा व्यायामही याच कारणाने नको. हात गळ्यात अडकवायची झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. बसल्यावर हात उशीवर, तळवा मोकळा. झोपताना खांद्याच्या फऱ्याखाली पातळ उशी, हात बाजूच्या उशीवर. शर्ट घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी.

मूठ आवळलेली असेल तर चेंडू दाबायला देऊ नका. मूठ मिटणं त्या हाताला येतंच, उघडणं येत नाही. टॉवेलवर तळवा ठेवून ओटा पुसल्यासारखा पुढे सरकवा, स्टीलचा रिकामा पेला धरण्याआधी बोटं उघडण्यावर भर द्या. पेला सोडता येणं हे धरण्याहून अवघड असतं, म्हणून शाबासकी सोडल्यावर द्या. मनगट २० अंश आणि बोटं १० अंश मागे उचलता येत असतील तर धड हात मोज्यात बांधून अधू हाताकडून कामं करवून घेण्याची पद्धत फिजिओच्या देखरेखीखाली करता येते: वाटीतले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाकणं, डब्याचं झाकण उघडणं, पानं उलटणं. त्याहून कमी हालचाल असेल तर ही पद्धत माणसाला नुसती चिडवते.

मालिश करायची असेल तर हलक्या हाताने, आणि झाल्यावर तळवे साबणाने धुऊन मगच उभं करा. तेलकट तळव्याने पडलेले पेशंट कमी नाहीत. गरम पाण्याची पिशवी अधू बाजूला लावू नका. भाजलेलं कळत नाही. कबुतराच्या रक्ताने हात-पाय परत येत नाहीत.

डावी बाजू विसरणारे, आणि ढकलणारे

उजव्या मेंदूच्या झटक्यात काहींना डावीकडचं जगच उरत नाही. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहते, डावा खांदा चौकटीला आपटतो. मुद्दाम डावीकडून बोला, चौकटीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा. काही जण धड हाताने स्वतःला अधू बाजूकडे ढकलतात आणि सरळ केलं की घाबरतात. त्यांना ओढू नका, ते आणखी ढकलतात. धड बाजूला भिंत येईल असं उभं करा आणि "खांदा भिंतीला लावा" म्हणा.

किती करायचं, केव्हा थांबायचं

झटक्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत फार आणि लांबलचक उठवाउठवी केल्याने फायद्याऐवजी तोटा होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आलं. कधी आणि किती उठवायचं ते हॉस्पिटलमधले डॉक्टर ठरवतील. त्यानंतर मात्र अंथरुणात ठेवण्यात काही साधत नाही. १०-१५ मिनिटांची सत्रं दिवसातून चार-पाच वेळा, हे एका दमात तासभर करण्याहून बरं. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. सहा महिन्यांनंतर काही होत नाही असं सांगणाऱ्यांचं ऐकून सराव सोडू नका. वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही.

व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखणं, चक्कर, जास्त धाप यांपैकी काही झालं की थांबा. रक्तदाब किती असेल तर व्यायाम टाळायचा, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. कडकपणा एकाएकी वाढला तर आधी बद्धकोष्ठता, लघवीतला संसर्ग, नखुर्डं, घट्ट बूट शोधा. बऱ्याचदा कारण तिथे सापडतं. आणि अचानक नवी कमजोरी, वाकडं तोंड, अडखळतं बोलणं दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

जिना, रिक्षा, रस्ता

चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. मदतनीस नेहमी खालच्या पायरीवर: चढताना मागे, उतरताना पुढे. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांचे जिने उभे आणि अरुंद, कठडा एकाच बाजूला. चढताना धड हाताला मिळणारा कठडा उतरताना अधू हाताला येतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही पाइप बसवून घ्या. बाथरूमच्या दांड्यांनाही हाच हिशोब. लिफ्ट नसेल तर पहिले काही आठवडे खालच्या मजल्यावर सोय होते का पाहा.

रिक्षा फूटपाथला चिकटवून उभी करायला सांगा, पायरीची उंची निम्मी होते. जिन्याचाच नियम इथेही, आणि काठी शेवटी आत. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, गर्दीची वेळ टाळून पहिला प्रवास तिथला करावा. फूटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक अधू पायाच्या चवड्याला नेमके अडतात. सरावाला सारसबागेसारखी सपाट वाट सकाळी लवकर बरी.

रस्ता ओलांडण्याआधी वहीतला आकडा काढा. १२ मीटरचा रस्ता सेकंदाला ०.४ मीटरने ओलांडायला ३० सेकंद लागतात, आणि आपल्याकडचा सिग्नल व दुचाकीवाले तेवढं थांबतीलच असं नाही. आधी तेवढंच अंतर पार्किंगमध्ये आखा, कुणाला तरी मध्येच हॉर्न वाजवायला सांगा, आणि दचकल्यावर पाय ताठ होतो का ते पाहा. होत असेल तर अजून काही आठवडे सोबत हवी, आणि सोबतीने अधू बाजूलाच चालायचं.